उशावरचा धोका

चौबे कॉलोनी, रायपूर. मंगळवार, २० फेब्रुवारी २००१

गुजरात हादरल्यापासून शेजारची रश्मी, इंजिनिअरिंगला आहे ती, घरोघरी फॉर्म भरत फिरते. आमच्या रायपुरात, या नव्या राजधानीत, मोठा भूकंप आलाच तर कोणतं घर किती टिकेल? मीही वाचनालयातून भूगर्भावरचं पुस्तक आणून तयारच होते. भिंती पास, छत पास. मग तिने माझा पलंग पाहिला.

"काकी, रायपुर में खतरा कम है. आपके सिर के ऊपर ज़्यादा है."

यांचा फोटो. सागवानी चौकट, जाड काच.

"तीस वर्षांत एकदा हात नाही उचलला त्यांनी. आता काहून मारतील?"

"तो तकिया उधर कर लो ना."

उशी फिरवली तर पाय दक्षिणेला, शिवाय फोटोकडे. यम आणि नवरा, दोघांचाही अपमान! फोटो दुसऱ्या भिंतीवर लावावा, तर गेलेल्या माणसाची जागा दक्षिणेच्याच भिंतीवर.

संध्याकाळभर हेच डोक्यात. शेवटी स्टुलावर चढून फोटो उतरवलाच. केवढा जड! पलंगावर त्यांच्या बाजूला ठेवलाय. चार वर्षं रिकामीच होती ती बाजू. आता हादरलो तर दोघं सोबत हादरू.