स्कूटरवाल्याला पोहे

मंगळवार, दिवेलागण. मांजर्ली.

सकाळीच वकीलबाईंनी फोनवर बजावलं होतं, "काकू, भरपाई मिळणं हा तुमचा हक्क आहे. पण चूक कोणाची, यावर सगळं ठरतं. त्या स्कूटरवाल्यापुढे काही बोलू नका. तोंड बंद ठेवा." मी म्हटलं, ठेवते. त्यात काय एवढं?

आणि संध्याकाळी तोच दारात! कॅम्प पाचच्या बाजारात मला उडवणारा. हातात दोन शहाळी, चेहरा रडवेला. माझ्या पायाच्या प्लास्टरकडे बघून म्हणतो, "आंटी, बहुत दुखता है क्या?"

आता घरी आलेल्या माणसाला काय सांगणार? म्हटलं, "छे रे, काही नाही." पाय ठणकत होता, तरी! वर आणि, "मीच भाजीकडे बघत चालले होते." हे का बोलले मी? कोणी विचारलं होतं? हे स्वयंपाकघरातून खाकरून खाकरून दमले. थांबले का मी? उलट ह्यांनाच पोहे टाकायला लावले. तोंड बंद होतं ते फक्त त्याचं, तेही पोह्यांमुळे.

निघताना सवयीनं म्हटलं, "सावकाश जा हं. गाडी हळू चालव."

चपला घालता घालता मान खाली घालून तो म्हणाला, "हां आंटी, उस दिन बहुत तेज चलाया मैंने. मोबाइल भी देख रहा था."

हे बशी हातात घेऊन तसेच उभे. समोरच्या वहिनीही दारातच होत्या, त्यांनीही ऐकलं.

"असू दे रे, होतं असं," अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. पण दिवसभरात पहिल्यांदाच मी तोंड बंद ठेवलं.