संध्याकाळची गोळी

आत्याबाईंना मंगलचा पाया पडून नमस्कार.

आमी दोघं बरे हाव. तुमचा गुडघा कसा हाय? पत्र आमच्या शिवांजलीकडून वाचून घ्या, तिला बी कळू द्या. फोनवर मला हे बोलवंना.

गेल्या आठवड्यात ह्यांना उसाच्या फडात फिट आली. लई लागलं न्हाई, कोपर सोललं. चूक माझी हाय. फिटच्या गोळीनं गुंगी येती अन् अवेळी ट्रक आला की भरायला ह्यांना उठवत न्हाई. म्हणून ट्रक यायचा असला की मी तिच्या जागी ताकदीची गोळी देत होते.

डॉक्टरनं इचारलं, "गोळी चुकली का?" हे म्हणले, "न्हाई साहेब, बायको सोताच्या हातानं देती." डॉक्टरनं डोस वाढवला. दारापर्यंत गेले, अन् मग माघारी फिरून ह्यांच्यादेखतच खरं सांगितलं. डॉक्टरनं डोस पहिल्यासारखा केला. म्हणले, "गुंगी येती तर मला सांगायचं. मनानं बंद करायची न्हाई."

पत्र ऐकून तुमी रागवा, पण मी फोन केला की उचला.

हे रोज गोळीसाठी हात पुढं करतेत. आधी न बघता गिळायचे. आता दिव्याजवळ नेऊन बघतेत.

तुमची सून,
मंगल