चिंचेखालची सावली

महाळुंगे, रविवार

आदरणीय पप्पा,
सप्रेम जयभीम.

मी मजेत आहे. कंपनीतली शिफ्ट अंगवळणी पडली, मेसची भाजी मात्र अजून नाही.

सुट्टीच्या दिवशी खोलीसमोरचा रस्ता रंगवते. एक चित्र सोबत पाठवलंय. दुपारचं ऊन, चिंचेखाली चहाची टपरी, शेजारी उभा लाल कंटेनर. दुकानांच्या पाट्या रंगवताना अक्षरांची सावली काळीच द्यायची, असं तुम्ही शिकवलंत. इथे चिंचेखाली बसून बघितलं, तर काळा कुठेच सापडला नाही. सावली जांभळट निघाली, कंटेनरच्या बाजूला जराशी लालसर. रागावू नका, पण मला ती जमलीय.

धम्मरत्नदादाने तुमच्या नव्या पाटीचा फोटो पाठवला. अक्षरं अजून तशीच दमदार आहेत. पण पप्पा, निम्म्या अक्षरांची सावली डावीकडे पडलीय आणि निम्म्यांची उजवीकडे. आईने पाटी बघितली का? तिचे गुडघे कसे आहेत?

चित्रात टपरीमागे, सावलीत, ओळखीचं एक माणूस बसवलंय. कोण ते आईला न विचारता ओळखा आणि मला फोन करा. ओळखू आलं नाही, तर चित्राला नावं ठेवायची नाहीत. मुकाट्याने दादाबरोबर डोळे दाखवायला जायचं.

तुमच्याच हाताखाली शिकलेली,
अंजली