अठ्ठेचाळीस दिवसांची वही

सोमवार, ३ जून १९९६

पोचले एकदाची. दोन दिवसांच्या प्रवासाने अंग आंबलं आहे, पण मन शाळा सुटलेल्या मुलीसारखं झालंय. तंजावूरच्या स्टेशनातून ऑटोने राजवाड्यामागच्या गल्लीत आले, खोलीत सामान टाकलं आणि तडक इथे.

‘इथे’ म्हणजे वेंकटराव बाइंडिंग वर्क्स. खातेवह्या, हजेरीपटाच्या वह्या, डायऱ्या, सगळं हातानं बांधतात. वेंकटराव जाऊन तीस वर्षं झाली. गेल्या वर्षी पुण्याच्या एका स्टेशनरी कंपनीने हा कारखाना विकत घेतला. कंपनीला इथे कॉम्प्युटर आणि नवी यंत्रं बसवायची आहेत. पण त्याआधी एक कोडं सोडवायचं आहे. इथली सदतीस माणसं कधी भांडत नाहीत आणि कधी सोडून जात नाहीत. चाळीस वर्षांत एक राजीनामा नाही. कंपनीचे साहेब मला म्हणाले, “हे जे काही आहे ते आम्हाला मोडायचं नाही. ते काय आहे, तेवढं सांगा.”

अठ्ठावीस वर्षं कॉलेजात मानववंशशास्त्र शिकवलं. मुलं विचारायची, मॅडम, हे शिकून नोकरी कुठली? स्वेच्छानिवृत्तीनंतर मलाच मिळाली बघा.

दारात हिराबाई उभी होती. शिलाई खात्याची मुख्य, माझ्याच वयाची, विधवा, मूलबाळ नाही. “यावें अक्का, बसावें, काफी घ्यावी,” म्हणाली, आणि मला पणजीच्या जुन्या पत्रांतली मराठी कानांनी ऐकल्यासारखं झालं. मग तिने एक वही हातात ठेवली. कापडी पाठ, पुठ्ठ्यावर दाबून उठवलेलं नाव: कृष्णवेणी. माझ्यासाठी बांधलेली!

इथली रीत अशी. लिहिणारं माणूस आलं की त्याने एक मंडल, म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस, रोज वहीत लिहायचं. मनात येईल ते. वही बाहेर न्यायची नाही. पाच वाजता ती वेंकटरावांच्या मेजावर ठेवायची, हिराबाई ती दाबाच्या यंत्रात घालून स्क्रू आवळते, सकाळी पानं सपाट होऊन परत मिळतात. याआधी कृष्णाजी नावाचे कारकून लिहायचे. ते निवृत्त झाल्यापासून खुर्ची रिकामी होती.

इथली माणसं घरी मराठी बोलतात, पण शाळा तमिळमधून झालेली; कोणालाच देवनागरी वाचता येत नाही, त्यामुळे चोरून वाचायचा प्रश्नच नाही. मी यांचा अभ्यास करायला आले, आणि यांनी माझी बसायची जागा आधीच झाडून ठेवलेली! किती गोड माणसं.

गुरुवार, ६ जून

कोणत्याही कचेरीत काफी कोणाला आधी मिळते ते बघावं. तिथली खरी उतरंड त्यात दिसते, भिंतीवरच्या तक्त्यात नाही. इथे पहिला पेला मॅनेजरला जात नाही. तो रेघा मारण्याच्या यंत्रावरच्या सेतुराममामांना. साठीचे, बारीक, कपाळाला गंध. मी कारण विचारलं तर हिराबाई म्हणाली, “त्यांस आधीं नाहीं दिली तर रेघा वाकड्या येतात. बोलणं तर वाकडंच आहे.” मामा म्हणाले, “हिच्या हातची काफी पिऊन यंत्र बिघडत नाहीं, हेंच नवल.” सगळे हसले. अगदी एका घरातल्यासारखे.

आज प्रत्येकाला लहानपणाची पहिली आठवण विचारली. ही माझी जुनी युक्ती. कागद कापणारा भरद्वाज म्हणाला: घरामागच्या विहिरीत पांढरं वासरू पडलं, आत्याने नऊवारी सोडून दोरासारखी खाली टाकली. शिलाई खात्यातल्या नागलक्ष्मीनेही हेच सांगितलं. मामांनीही तेच. दुपारपर्यंत अकरा जणांनी तीच विहीर आणि तेच वासरू सांगितलं!

आनंदाने टाळ्या पिटायच्याच काय त्या बाकी होत्या. टोळ्यांना मूळ पुरुषाची गोष्ट असते. गिरण्यांना आणि बँकांनाही असते, फक्त ती ऐकायला कोणी बसत नाही. इतकी सांगितली गेलेली गोष्ट की ऐकणाऱ्याला ती स्वतःचीच वाटू लागते. अहवालाचं पहिलं प्रकरण मिळालं.

मंगळवार, ११ जून

ऊन फार. खळीचा वास सगळ्या खोलीत भरलाय. त्या वासाने पाचगणीची शाळा आठवली. सिस्टर बेनेडिक्टा आम्हाला चित्रं चिकटवायला अशीच खळ करून द्यायच्या. त्यांना माझं नाव यायचं नाही, ‘क्रिस्टी’ म्हणायच्या.

बाबा महिन्यातून एका रविवारी वाईहून भेटायला यायचे. धुकं इतकं की फाटकाशी कोण उभं आहे दिसायचं नाही. मग ते शीळ घालायचे, दोन आखूड आणि एक लांब. धुक्यातून ती आली की मी निळी लोकरीची टोपी सावरत धावत सुटायचे. खिशात चिक्की असायची. हे कोणाला कधी सांगितलं नव्हतं. माझ्या मुलीला, भामालासुद्धा नाही.

शुक्रवार, १४ जून

दुपारी जुज, म्हणजे शिवायच्या दुमडलेल्या कागदांचे गठ्ठे, मोजत असताना शीळ ऐकू आली. दोन आखूड, एक लांब.

सेतुराममामा घालत होते. कुठे शिकलात, विचारलं. हात थांबवून ते हसले. त्यांचे वडील शाळेच्या फाटकाशी उभे राहून अशी शीळ घालत. धुक्यात कांहीं दिसत नसे, म्हणाले.

मामांचा सगळा जन्म तंजावुरात गेला. त्यांची शाळा पश्चिम गल्लीत होती, तीही चौथीपर्यंत. मी विचारलं, मामा, इथे कसलं धुकं? ते क्षणभर गोंधळले. मग हाताने कानावरून काहीतरी खाली ओढल्यासारखं केलं. टोपी ओढतात तसं.

कोणीतरी माझी वही वाचतंय. दुसरं काय असणार?

मंगळवार, १८ जून

वाचत नाहीत. भरद्वाजसमोर पान धरलं, त्याने वही उलटी धरली.

आज खोलीवर बाबांची शीळ स्वतः घालून पाहावी म्हटलं. आली नाही. ओठांना नव्हे, आठवणीलाच येईना. इथे येऊन ११ तारखेचं पान वाचलं. अक्षर माझं आहे. मजकूर दुसऱ्या कोणाच्या लहानपणाचा वाटतो, चांगला लिहिलेला. धुक्यातल्या त्या माणसाला चेहरा नाही.

वय झालं, दुसरं काय. छपन्न म्हणजे काही कमी नव्हे.

शनिवार, २२ जून

कृष्णाजींकडे गेले. दोन गल्ल्या पलीकडे घर आहे. ते ओट्यावर बसले होते, स्वच्छ धोतर, हसरा चेहरा. मी वासराची गोष्ट काढली. ते नम्रपणे ऐकत राहिले, पाहुण्याच्या गावची गोष्ट ऐकावी तसे.

त्यांच्या पत्नी चंद्रमती मला आत घेऊन गेल्या. म्हणाल्या, तें वासरूं ह्यांचंच. पापनाशमच्या घरचं. लग्नानंतर पहिल्या दिवशीं मला विहीर दाखवली होती. आतां सदतीस जणांस ती विहीर ठाऊक आहे. ह्यांस नाहीं. मीही ठाऊक नाहीं. रोज सकाळीं नांव विचारतात.

निघताना चंद्रमतींनी माझा हात धरला. तुम्हीं काय काय लिहिलंत, एवढंच विचारलं.

बुधवार, २६ जून

सेतुराममामांना सरळ विचारलं. त्यांनी काहीच लपवलं नाही, तेच जास्त भयंकर.

म्हणाले, वेंकटरावांनी माणसं आणली तेव्हा रोज भांडणं. ही गल्ली, ती गल्ली, याचा मामा, त्याचा मेहुणा. त्यांनी ही रीत घातली. एकानं लिहायचं, आणि रात्रभर दाबायचं. मग सगळ्यांस एकच घर आठवतं, एकच आई-बाप. आपल्या घरांतून कोण उठून जातो, अक्का?

पुण्याच्या साहेबांना हवं होतं ते उत्तर हे. अहवाल एका ओळीत संपला.

मी म्हटलं, आणि लिहिणाऱ्याचं काय? ते खरोखर चकित झाले. कृष्णाजीस कांहीं दुखलं नाहीं, म्हणाले. बघितलंत ना, किती हंसतमुख.

सोमवार, १ जुलै

आज ११ तारखेचं पान फाडलं, बाबा परत मिळतील म्हणून.

मी बांधणारी नाही, मला कसं कळावं. जुजात एक कागद दुमडून दोन पानं होतात. इकडचं पान फाडलं की तिकडचं जोडपान सैल होऊन गळतं. ते पान पुढचं, कधी भरलेलं मला आठवत नाही. पंख्याने उडालं, नागलक्ष्मीने उचलून मेजावर ठेवलं. त्यावर माझ्या अक्षरात शेवटची ओळ होती: “आणि ह्यांनी माझा हात सोडला.”

हे कोण?

माझ्या गळ्यात काळे मणी नाहीत. म्हणजे कधीकाळी नवरा असणार. आता नाहीत.

शुक्रवार, ५ जुलै

एसटीडी बूथवरून भामाला मस्कतला फोन केला. रडले. ती म्हणाली, रजा अठराला मिळते, वीस तारखेला मी येते, तोवर तू परत पुण्याला जा. मी जाते म्हटलं. बॅग भरली. रस्त्यावर उभी राहिले, आणि स्टेशन डावीकडे की उजवीकडे ते आठवेना. पाय इथे घेऊन आले. दहा वाजले होते. काफी तयार होती.

लिहिणं थांबवावं. कळतं. पण विसरणाऱ्या माणसाला लिहिण्यावाचून दुसरं धरायला काय असतं? रोज निघण्याआधी मला खोलीचा पत्ता या वहीतून वाचावा लागतो. विसरते म्हणून लिहिते, लिहिते म्हणून—

एक मात्र ठरवलं. भामाबद्दल एक अक्षर लिहायचं नाही. ती त्यांना मिळू द्यायची नाही. तिच्या डाव्या कोपरावरचा इस्त्रीचा डाग लिहायचा नाही, तेव्हा मी तिला मांडीवर घेऊन रात्रभर फुंकर घातली ते लिहायचं नाही. मी तिला चिमे म्हणते ते नाही. झोपताना माझा पदर मुठीत धरायची, तो सोडवायला मी पहाटेपर्यंत हलत नसे, ते तर मुळीच

अरे देवा.

अरे देवा, मी काय केलं.

शाई वाळली आहे. पाच वाजले. हिराबाई हात पुढे करून उभी आहे.

सोमवार, ८ जुलै

वही द्यायची नाही म्हणून छातीशी धरून बसले होते शुक्रवारी. हिराबाईने बोटं एकेक करून सोडवली, हळुवार, झोपलेल्या मुलाच्या मुठीतून पदर सोडवतात तशी.

असं कुठेतरी वाचलं आहे मी.

गुरुवार, ११ जुलै

हिराबाई आज शिवताना रडत होती. विचारलं तर म्हणाली, पोरीची आठवण येते अक्का. परदेशांत एकटी. कोपर अजून दुखतं का कोण जाणे.

तिला मूल नाही, असं ३ जूनच्या पानावर लिहिलं आहे. पान खोटं असेल.

सोमवार, १५ जुलै

सगळे फार चांगले वागतात. काफी आता मला पहिली—

पुठ्ठ्यावर एक नाव आहे. नदीचं नाव असावं. सुंदर आहे.

बुधवार, १७ जुलै

पर्समध्ये चिठ्ठी. माझं अक्षर. ‘वीस तारखेला भामा येणार. तिच्याबरोबर जा.’ दहादा वाचली. भामा कोण, विचारलं. साऱ्यांच्या माना वर झाल्या. साऱ्यांचे डोळे भरले.

मलाच तेवढं—

शनिवार, २० जुलै

अठ्ठेचाळिसावा दिवस. शेवटचं पान.

एक बाई आली आहे. तिशीची. हातात बॅग, प्रवासाने कपडे चुरगळलेले. डाव्या कोपरावर जुना डाग. नोंद घ्यायला हवी.

हिराबाई सुई टाकून धावली. “चिमे,” म्हणाली. तिला छातीशी धरलं, कोपरावर फुंकर घातली. तुम्हाला हे नाव कुठून ठाऊक, ती मुलगी विचारते आहे. सेतुराममामा उभे आहेत, यंत्र बंद. शीळ घालत आहेत. सदतीस माणसं रडत आहेत. एका घरातल्यासारखी.

मुलीने हिराबाईचे हात झटकले. माझ्याकडे आली आहे. माझ्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली आहे. माझा पदर मुठीत धरला आहे.

हे का करते, विचारायला हवं.

ती मला हाक मारते आहे. एकच शब्द, पुन्हा पुन्हा. इथे सगळ्यांना तो कळतो. हिराबाई दर वेळी ‘ओ’ देते. मला कळत नाही. जसा ऐकू येतो तसा लिहून ठेवते, दोनच अक्षरं आहेत, ती म्हणते आहे, आ