आप्पा कुणाकडे आहेत?

॥ श्री ॥
गोवा, म्हापशाजवळची माडांची वाडी
सोमवार, ता. ७ फेब्रुवारी १९७२

चि. राधाकृष्ण यास आप्पांचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

सगळ्यात आधी सांगतो, मी जिवंत आहे आणि ठणठणीत आहे. पोलिसांत वर्दी दिली असशील तर आजच्या आज जाऊन मागे घे. राजूरला धाकट्या रंगनाथला तार कर, नाहीतर तो शाळेतली मास्तरकी सोडून मला धुंडत हिंडायचा. सूनबाईनं, मनकर्णानं, अन्नपाणी टाकलं असेल. तिला म्हणावं, म्हाताऱ्याची चूक पोटात घाल आणि दोन घास खा.

झालं असं. संक्रांतीला तुझ्याकडचे माझे सहा महिने संपले. रंगनाथची पाळी सुरू झाली, म्हणून दुसऱ्या दिवशी मी भिंगारहून नगरच्या स्टँडवर आलो. राजूरकडे नेणाऱ्या अकोल्याच्या एस.टी.ला तासभर अवकाश होता. समोर रस्त्याच्या कडेला एक मोटार बंद पडलेली, केवढी म्हणशील, आपल्या ओसरीएवढी! तिच्याखाली एक गोरा म्हातारा उताणा पडून भलताच बोल्ट पिळत होता. एकतीस वर्षं मिलिटरीच्या वर्कशॉपात काढलेल्या फिटरला हे बघवेल का? क्लचची तार तुटली होती, ती जोडून दिली. पुण्यापर्यंत टिकते का पाहावं म्हणून बसलो. पुण्यात म्हातारा हात जोडून म्हणाला, आंबोलीचा घाट तेवढा उतरवून द्या. घाट उतरलो तो समोर समुद्रच आला.

पुण्यातून तुला कार्ड लिहिलं होतं. ते टपालात पडलं असं धरून मी इथं निवांत होतो. आज कोट झटकला तर आतल्या खिशातून ते कार्ड पडलं. तेवीस दिवस झाले रे! तेवीस दिवस तुम्ही पोरांनी काय काढले असतील, देव जाणे.

आता इथलं ऐक आणि बसून ऐक. एका ख्रिस्ती विधवा बाईची ही वाडी आहे. माडांच्या सावलीत नऊ मोटारी उभ्या आहेत. इथं माणसं मोटारीतच राहतात, घर असून नव्हे, मोटार हेच घर. बाजेएवढी जागा, त्यात झोपायचं, तिथंच शेगडी, आणि शेगडीपासून दोन हातांवर, मनकर्णाला सांगू नकोस, संडास! मी पहिल्या दिवशी जेवलोच नाही. त्या गोऱ्या म्हाताऱ्याची, पीटरसाहेबांची, बायको मार्थाबाई अडुसष्ट वर्षांची, ती सकाळी सगळ्यांदेखत चड्डी-चोळीवर समुद्रात उडी घेते. मी माडाकडे तोंड करून उभा राहतो. बाकी इतकं शांत की एका मोटारीत चमचा पडला तर दुसरीत कळतं.

त्यांना हॉलंडात तीन मुलं. राहतं घर विकून दोघं निघाली आहेत. मी विचारलं, सध्या तुमची पाळी कुणाकडे? बाईला काही केल्या पाळी म्हणजे काय ते समजेना. मी सांगायला लागलो आणि मलाच कसंतरी झालं, म्हणून इंजिनाकडे गेलो. इथल्या नऊच्या नऊ मोटारींना काही ना काही आजार आहे. सकाळपासून हाका चालू असतात.

तू म्हणशील त्या दिवशी निघतो. रागावला असाल तर पत्रातच रागवून घ्या, तिथं आल्यावर नको. जीव लावता तसा लावत राहा.

तुझे,
आप्पा


भिंगार, ता. १२ फेब्रुवारी १९७२

चि. रंगनाथ यास अ. उ. आ. वि. वि.

आप्पांचे पत्र सोबत जोडले आहे. आधी ते वाच आणि मग खाली बस. ऑफिसात ते हातात पडले तेव्हा मला दरदरून घाम फुटला. हेडक्लार्कसाहेबांनी पाणी मागवले.

आप्पा गोव्यात! नागड्या-उघड्या गोऱ्यांच्यात! मोटारीत! मी आजपर्यंत तुझ्या वहिनीला छातीठोक सांगत होतो की आप्पा राजूरला मजेत आहेत. आप्पा तुझ्याकडे पोचले नाहीत हे तू मला कळवले का नाहीस? दर पाळीला पोचल्याचे कार्ड येते, या वेळी आले नाही. पण संक्रांतीनंतर आमच्याकडे इन्स्पेक्शन होते, त्या गडबडीत ते माझ्या ध्यानातून निसटले. तुझ्याकडे कसले इन्स्पेक्शन होते?

उलट टपाली लिही. आप्पांना काय उत्तर द्यायचे ते मला सुचत नाही. सौ. पुष्पावतीस आशीर्वाद. तुझा लोभ या पत्रानंतरही टिकावा ही इच्छा.

राधाकृष्ण


राजूर, ता. १६ फेब्रुवारी १९७२

ती. दादांस रंगनाथचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून मी वर्गातून बाहेर आलो तो परत गेलोच नाही. दादा, मला वाटलं आप्पा तुमच्याकडेच आहेत! राजूरच्या थंडीत त्यांचा दमा उसळतो, म्हणून वहिनींनी ठेवून घेतलं असेल अशी मी समजूत करून घेतली. आठवड्याच्या बाजाराला मी एकदा कार्ड घेतलंही होतं. पुष्पावती म्हणाली की विचारू नका, विचारलंत की पाठवून देतील. मी ते कार्ड दुसऱ्याच कामाला वापरलं. आता लपवून काय करू?

पण वडीलमाणसानं धाकट्याला टोचावं आणि स्वतः नामानिराळं राहावं, हे बरं नव्हे. आप्पा तुमच्या उंबऱ्यातून निघाले होते. तुमच्या घरचं कुणी त्यांना स्टँडवर बसवून द्यायला गेलं नाही, ते का?

जाऊ द्या. आप्पांच्या पत्रातली ती पोलिसांची ओळ मला सोसत नाही. त्यांना खरं कळता कामा नये, खचतील. आपण खूप शोधलं असं तुम्ही लिहा. मी संगमनेरच्या स्टँडवर तीन दिवस बसून होतो असं माझ्या नावावर घाला. वहिनींना नमस्कार. आहे तो लोभ तुटू देऊ नये.

आपला,
रंगनाथ


भिंगार, ता. २० फेब्रुवारी १९७२

तीर्थस्वरूप आप्पांच्या चरणी बालक राधाकृष्णचे कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

आपले पत्र पावले आणि घरात दिवाळी झाली. आप्पा, आम्ही आपल्याला कुठे कुठे शोधले म्हणून सांगू! चौकीवर वर्दी दिली होती, ती परत घेतली. सिव्हिल हॉस्पिटल पाहिले. रंगनाथ संगमनेरच्या स्टँडवर तीन दिवस उपाशी बसून होता. सौ.ने सोमवार धरले आहेत.

या वयात असे करणे आपल्याला शोभते का? लोक काय म्हणतील? असो. आपण थेट राजूरला जावे, कारण सध्या पाळी रंगनाथकडे आहे. पोचल्याचे कार्ड न विसरता टाकावे. आमच्यावर छत्र आहे तसेच राहू द्यावे.

आपला आज्ञाधारक,
राधाकृष्ण


भिंगार, ता. २१ फेब्रुवारी

ती. आप्पांना मनकर्णाचा पाया पडून नमस्कार.

आप्पा, मी चौथी शिकलेली, चुकलं-माकलं समजून घ्या. हे पत्र ह्यांना ठाव न्हाई. ह्यांनी काल तुमाला काय लिवलं ते मला वाचून दाखवलं आन् गप ऱ्हा म्हनले. मी एक दिस गप ऱ्हायले. घास उतरंना.

आप्पा, तुमाला कुनी शोधलं न्हाई. चौकीवर कुनी गेलं न्हाई. भावजी संगमनेरला गेल्ते न्हाईत. आमाला वाटलं तुमी राजूरला, त्यांना वाटलं तुमी हितं. दोगांनी बी विचारलं न्हाई, कारन विचारलं तर गळ्यात पडंल.

आन् माझं बी सांगते. तुमी गेलात तवा मला हलकं वाटलं. तुमची अंगुळ, तुमचा काढा, तुमचं पथ्य, सा म्हयने सरत आले की मी दिस मोजते. सोमवार मी कसले धरते? त्या तेवीस दिसात मी तुमचं नाव एकदा बी काढलं न्हाई. घरातलं मानूस नाहीसं झालं आन् आमी तिळगूळ खात बसलो हुतो. मला माझीच शिसारी आली.

माझं माहेर पाथर्डीकडचं. माझे आईबाप दरसाल ऊस तोडाया जात्यात, त्यांचा बी संसार बैलगाडीखालीच असतो. पर तिथं रोज दिवेलागनीला मानसं मोजत्यात, कुनी मागं ऱ्हायलं का म्हनून.

तुमी रागवा, शिव्या घाला, पर या. खरं सांगितल्याबिगर या म्हनायला तोंड न्हवतं. माया असंल नसंल ती तुमची मर्जी.

तुमची सून,
मनकर्णा


गोवा, ता. २६ फेब्रुवारी १९७२

चि. सौ. मनकर्णा हिस आशीर्वाद. वि. वि.

तुझं आणि राधाकृष्णचं, दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. त्याचं आधी वाचलं. संगमनेरच्या स्टँडचं वाचून माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि मी ते पत्र मार्थाबाईला इंग्रजीत समजावून सांगितलं. मग तुझं उघडलं. बाईला ते सांगितलं नाही.

पोरी, मी इथं तुमच्या काळजीनं झुरत होतो. तुम्ही उपाशी असाल म्हणून माझ्या घशाखाली मासळी उतरत नव्हती. आणि कुणी साधी विचारपूसही करू नये? मेलो असतो तर कितव्या दिवशी कळलं असतं, एवढाच विचार डोक्यात फिरतो आहे.

तुझ्यावर राग नाही. तू एकटीच खरं बोललीस. पण आता यायचं कुठं आणि कशाला? पीटरसाहेब दहा मार्चला नेपाळकडे निघतात. चल म्हणतात, वाटेत गाडीला माणूस हवंच आहे. मी हो म्हटलं आहे. तब्येतीला जप. आता यापुढे पत्र नाही आलं तरी चालेल.

आप्पा


गोवा, ता. ७ मार्च १९७२

चि. राधाकृष्ण आणि चि. रंगनाथ या दोघांसही आशीर्वाद. वि. वि. हे पत्र दोघांचं आहे. राधाकृष्णनं वाचून रंगनाथकडे धाडावं.

काल दुपारी मी एका मोटारीच्या खाली होतो. समोर जोडवी घातलेली दोन पावलं येऊन थांबली, धुळीनं पांढरी झालेली. बाहेर येऊन बघतो तर मनकर्णा! एकटी! जी बाई पाथर्डीला माहेरी जायलाही सोबत मागते, ती चार एस.टी. बदलून, म्हापशाच्या स्टँडवर मोटारीत राहणाऱ्यांची वाडी कुठं असं विचारत इथवर आली. माझ्या हातातला पाना गळून पडला.

तिनं आधी पाणीसुद्धा घेतलं नाही. मोटारीत शिरली, शेगडी पाहिली, मग तो दोन हातांवरचा दरवाजा उघडून पाहिला आणि पदर तोंडाला लावून बाहेर आली. मार्थाबाईला मराठीतून म्हणाली की अगं बाई, तुझी कमालच आहे. बाईला समजलं असावं, ती खूप हसली आणि हिला चहा दिला. तो हिनं डोळे मिटून घेतला.

नंतर मी तिला सांगितलं की कीव करून न्यायला आली असशील तर परत जा, मी नेपाळला चाललो. ती भडकलीच. म्हणाली, कीव कसली? ओझं वाटत होतं ते वाटलंच, पुढंही एखाद्या दिवशी वाटेल, जन्मदात्या आईबापाचंही वाटतं. पण ओझं वाटलं म्हणून कुणी माणूस हरवू देत नाही. एवढं बोलली आणि वाळूत बसून ढसाढसा रडली. मग मीही रडलो. पीटरसाहेब आपली टोपी हातात घेऊन लांब उभे राहिले.

राधाकृष्ण, ती निघताना तुला सांगून निघाली. आप्पांना आणायला जाते म्हणाल्यावर तू पहिला प्रश्न विचारलास की मग माझा डबा कोण करणार. हे तिनं चहाडी म्हणून सांगितलं नाही, मीच खोदून विचारलं. मी तुला काही बोलत नाही. तू एकदा आपला आपणच आठवून पाहा.

पीटरसाहेबांना नाही म्हणून सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, पण मार्थाबाईनं मनकर्णाला जवळ घेतलं आणि त्यांना आपल्या भाषेत काहीतरी समजावलं. दोन मोटारींची कामं अर्धवट आहेत ती पुरी करून आम्ही रविवारी निघतो. तोवर सूनबाई इथंच राहील. आज सकाळी ती गुडघाभर पाण्यात उभी होती, हाक मारली तरी बाहेर येईना.

आता पुढचं. मनकर्णा म्हणते की आप्पा यापुढे कायम भिंगारला राहतील, पाळी बंद. रंगनाथनं आणि पुष्पावतीनं भेटायला यावं, न्यायला येऊ नये. मी म्हटलं, पोरी, घर राधाकृष्णचं आहे, आधी त्याला पत्रानं विचारू, तो काय म्हणतो ते बघू. तिनं पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाली की पत्र जरूर लिहा, पण विचारायला नाही, कळवायला.

म्हणून कळवत आहे.

तुमचे,
आप्पा