सूनबाईसाठी इटालियन

आंजी (मोठी),
ता. १२ नोव्हेंबर १९८३

चि. शेषरावास तुह्या मायचा आशीर्वाद.

आमी दोघंही बरे आहो. कापूस वेचनं चालू आहे, बाया भेटून नाई राह्यल्या. तुही चिठ्ठी भेटली. तिचं मंग लिहीन, पयले तुह्या बाबाचं ऐक. मले वैताग आनला त्यायनं!

नाताळात लुचियाले घेऊन येतो असं तू मांगच्या चिठ्ठीत लिवलं, तवापासून या मानसानं इटालियन शिकाचं खूळ डोक्यात घेतलं. नागपुरातून जुनं इंग्रजी-इटालियन पुस्तक आनलं. हेडमास्तर रिटायर झाले, पन मास्तरकी काई गेली नाई. उठल्यापासून घोकनं सुरू. चंद्र त्या भाषेत बाई आहे म्हनते, अन हातही बाई. मी म्हटलं, असू द्या, तुमचे हात वेचनीले लावा. पुस्तक प्रवाशायचं, घरात कामी पडन असं त्यात काईच नाई. परवा वरन वाढलं तं म्हनते, "ला मिनेस्त्रा ए फ्रेद्दा." म्हंजे काय, तं सूप थंडं झालं! चुलीवरून उतरवलेलं वाफाळतं वरन! आपला गडी डोमाजी सकाळी आला का त्याले "बोनजोर्नो". तो बिचारा आता मांगच्या दारानं येते.

बरं, आपल्या घरी सासरा सुनेशी समोरासमोर बोलते काय? तुह्या आजोबाले पानी पाह्यजे असलं तं भिंतीकडं पाहून म्हनत, "कोनी पानी देईन काय?" अन मी दाराआडून लोटा सरकवत होती. त्यायचाच हा लेक म्हनते, "जमाना बदलला, मी बोलन." मंग मले खाटेवर बसवलं, डोक्यावर पदर घ्याले लावला अन म्हनते, तू लुचिया हो. या वयात माही तालीम!

पयलं वाक्य "दील्यि"पासून. दुसरंही "दील्यि". मी इचारलं, हे दील्यि दील्यि काय लावलं? म्हनते, "म्हंजे, त्याले सांग." त्याले सांग, वेळेवर जेवत जा. त्याले सांग, गोठ्यामांगं त्यानं लावलेला निंब छपराच्या वर गेला. त्याले सांग, त्याची खोली मी सोता झाडून ठेवली.

शेषू, समजलं काय तुले? आमाले न सांगता तू तिकडं लगन केलं, तवा सहा वर्सांमांगं त्यायनं म्हटलं होतं, "त्याच्याशी बोललो तं मी बापाचा नाई." आता शबद मोडाचा नाई, अन बोलल्याबिगर राहवत नाई. म्हनून सुनेले मधात बसवाचं अन तिच्या हातून निरोप धाडाचे! मी म्हटलं, अवो, तो तिच्या बाजूलेच बसला राहीन, त्याले मराठी समजते, दोन शबद सरळ बोला ना! तं पुस्तकात तोंड घातलं.

अन त्यात तुही ही चिठ्ठी. लुचियाले सुटी नाई. वरून लिवतो, "बाबा बोलनारच नाई तं मी एकटा येऊन काय करू?" अरे, बाप तसा लेक! काय करू म्हनजे? मायचं तोंड पाह्यजो, आनखी काय! वाचून लय रडली मी. त्यायले सांगाची हिंमतच होत नोहती.

आज सांगून टाकलं. म्हटलं, सून येत नाई, ठेवून द्या ते पुस्तक. त्यायनं पुस्तक मिटवलं, चष्मा काढून डोळे पुसले. मले वाटलं, झालं, संपलं सारं. अन मी दिवा लावून येतो तं काय, पुन्हा घोकाले बसलेले! माही तं सटकलीच. म्हटलं, आता कोनासाठी?

म्हनते, "त्याले येते ना ती भाषा."

तं तू येजो. एकटा तं एकटा. ते चुकले तं हासू नोको, अन ते मराठीत बोलत नाई तवापर्यंत तूही मराठीत बोलू नोको. मी मधात बसीन, मले समजो का नोको समजो.

तुमा दोघायच्या हट्टापायी कटाळलेली,
तुही माय
कोकिळा