कंगव्याचा जुना अर्थ

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझा स्वेटर पोचला. बाबांना खांद्यात घट्ट होतो, पण ताईनं विणलाय म्हणून अंगातून काढत नाहीत.

हल्ली बोलता बोलता त्यांचे शब्द अडतात, म्हणून मंगळवारी चष्म्याचं दुकान बंद ठेवून त्यांना दवाखान्यात नेलं. तपासणाऱ्या बाईंना मराठी येत नाही, त्यामुळे परीक्षा इंग्रजीत. म्हटलं, इंग्रजी शब्दकोशात जुने अर्थ लिहिण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना यात काय जड! बाई एकेक चित्र दाखवत गेल्या. पाव दाखवला, तर बाबा म्हणाले 'मीट'. उंदराला म्हणाले 'डिअर'. चेंडू घेतलेल्या मुलाला 'गर्ल'. तेही अगदी ठामपणे. बाहेर आल्यावर बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की यांना आता एकटं ठेवू नका.

दुकानाच्या वर माझ्या दोन खोल्या आहेत, त्यातली दुकानाच्या खोक्यांची एक रिकामी करायला घेतलीय. बाबा यायला तयार नाहीत. तू धाकट्या भावाला चार शब्द सुनाव. तुझंच ऐकतात.

तब्येतीला जप, आणि माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी मनू


९ फेब्रुवारी

चि. मनूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी घाबरले, मग इतकी हसले की शेजारीण डोकावून गेली. अगं, पूर्वी इंग्रजीत 'मीट' म्हणजे कुठलंही अन्न, त्यात पावही आला. 'डिअर' म्हणजे कुठलंही जनावर; तो शब्द एकट्या हरणाच्या वाट्याला फार उशिरा आला. आणि 'गर्ल' म्हणजे पोर, मग मुलगा असो की मुलगी. धाकट्यानं तिन्ही उत्तरं बरोबर दिली. परीक्षा घेणारी पाचशे वर्षं उशिरा जन्मली, त्याला तो काय करणार?

जन्मभर इंग्रजी शिकवलंय मी, मला कळतं. गावाला चष्मे विकतेस, एखादा स्वतःच्या नाकावर चढव. त्याला त्याच्या घरातून हलवायचं नाही. खोलीत तुझी खोकी होती तशी राहू देत.

रागावले म्हणून रुसू नकोस. लोभ आहे तो वाढव.
तुझी आत्या


२० फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं म्हणणं बाईंच्या कानावर घातलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, लिहूनही घेतलं. म्हणाल्या, अर्थ बरोबर असेल, पण पाववाल्याला आजचा शब्द कळला पाहिजे. घरी मी तीच चित्रं काढून दाखवली तर बाबांनी धडाधड आजची नावं सांगितली, वर म्हणाले की बाईंचे शब्द इतके सोपे होते की कंटाळा आला. मला हायसं वाटलं. खोकी परत जागेवर ठेवली.

पण रविवारी मी त्यांच्याकडे गेले होते. आंघोळ करून ते आरशासमोर उभे होते. हातातला कंगवा पुढे केला आणि म्हणाले की हा 'विंटर' जरा धर. मला वाटलं, हाही जुना अर्थ. विचारलं, तर मलाच काही समजत नसल्यासारखे बघत राहिले. त्यांच्या स्वतःच्या शब्दकोशात कंगव्याचा इंग्रजी शब्द आणि 'विंटर', दोन्ही काढून पाहिले. काही नाही. तुला काही ठाऊक आहे का? वाट पाहते.

तुझी मनू


२६ फेब्रुवारी

चि. मनूस,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला, पुस्तकं माळ्यावर होती. असं बघ, इंग्रजीतला 'कोम' म्हणजे नुसता कंगवा नव्हे. कोंबड्याचा तुरा, लाटेचा माथा, डोंगराचा कणासुद्धा. डोंगरमाथ्यावर बर्फ असतं आणि बर्फ म्हटलं की हिवाळा. धाकट्याचं डोकं असंच चालतं, लहानपणापासून. तेव्हा उगाच घाई नको. हे पत्र त्याला वाचून दाखव, खूश होईल.

इकडची काळजी करू नकोस, तुमचीच मला लागून राहिलीय.
तुझी आत्या


३ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून दाखवलं. बाबांनी चहाचा कप खाली ठेवून ऐकलं. डोंगरमाथ्यावरच्या बर्फापाशी त्यांनी बोट वर केलं. म्हणाले की ताई ओढूनताणून जुळवतेय. लाट ठीक, डोंगरही ठीक, पण पुढे पुरावा नाही. त्या शब्दाला हिवाळा हा अर्थ कधीच नव्हता. आत्या, मला इतका आनंद झाला! तसाच टेबलावरचा कंगवा उचलला आणि विचारलं, मग याला म्हणतात काय?

त्यांनी तो उलटासुलटा केला. दातांवरून अंगठा फिरवला. इंग्रजीत आठवून पाहिलं, मग मराठीत. शेवटी त्यांनी मलाच विचारलं. मी कंगवा म्हटलं. ओळख करून दिलेल्या पाहुण्याचं नाव घोळवावं तसं त्यांनी ते दोनदा म्हटलं.

बऱ्याच वेळानं, मी काहीच न विचारता, ते म्हणाले की तुझ्याकडे सकाळचं ऊन कुठल्या खोलीत येतं?

तुझी मनू


७ मार्च

चि. मनूस,
अ. उ. आ.

धाकट्याचं बरोबर आहे. पुरावा नव्हता. लिहितानाच मला ते दिसत होतं.

उन्हाची खोली त्याला दे. दुसरीत आपण दोघी मावू, मी घोरते एवढं सोसून घे. शनिवारच्या गाडीनं निघतेय. तू दुकानात असलीस की मी त्याच्यापाशी बसेन.

तोवर एक कर. त्याला कशाचंही नाव विचारायचं नाही. वस्तू हातात देतानाच आपण ते म्हणायचं, सहज, बोलता बोलता. हा घे कप, बाबा. ही घे चादर.

तुझी आत्या